वाटेची रोजकीर्द

कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा समोर धरला, तर दक्षिणेच्या अगदी टोकाला चंदगड तालुका दिसतो. पूर्वेला बेळगाव, पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, त्याखाली दोडामार्ग-सावंतवाडीचे कोकण, आणि घाट उतरून थोडे पुढे गेले की गोवा. जिल्ह्याचे ठिकाण दूर आणि बेळगाव जवळ. त्यामुळे येथील माणसाचे सरकारी कागद कोल्हापूरला जातात, पण पाय मात्र बेळगावच्या पेठेकडे वळतात. तांबडी माती, पावसाळाभर न थांबणारा पाऊस, ताम्रपर्णी आणि घटप्रभा या नद्यांची खोरी, भात-नाचणीची शेते, सखल भागात ऊस आणि डोंगरउतारावर काजू, असे या मुलुखाचे रूप आहे. 'स्वामी'कार रणजित देसाई यांचे कोवाड याच तालुक्यातले. ग्रामदैवत रवळनाथाच्या साक्षीने तीन पिढ्या आमच्या घराण्याची पेढी या गावात चालत आली आहे. आजोबांनी किराण्यापासून आरंभ केला, वडिलांनी भुसार जोडले आणि आम्ही भावांनी काजू फोडण्याचा लहानसा कारखाना घातला.

व्यापाऱ्याचे घर विटामातीचे असले, तरी त्याचा संसार रस्त्यावर चालतो. माल रस्त्याने येतो, रस्त्याने जातो, उधारीही रस्त्यानेच वसूल होते. तरीदेखील रस्त्याचा विचार आपण क्वचितच करतो. वाहतुकीचा खर्च वहीत लिहितो, डिझेलचा भाव तोंडपाठ असतो. पण त्या वाटेवर आपल्या गाडीने कोणाला किती जागा दिली, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. गेल्या पौषात दोन दिवस सायकलीवर बसून या तालुक्यातून फिरण्याचा योग आला आणि त्या प्रवासाने मला ही न लिहिलेली नोंद दाखविली. म्हणून हा लेख.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. वडिलांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारी मुले अण्णा म्हणत असू, ते पेढीची वसुली सायकलीने करीत. हेरे, कानूर, अडकूर, कोवाड, जेथे जेथे आमची उधारी असे तेथे तेथे अण्णांची काळी सायकल पोहोचत असे. हँडलला कापडी पिशवी, तीत लाल वही, मागे कॅरिअरवर दोरीने बांधलेली छत्री. सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवण उरकण्याचा त्यांचा नेम होता आणि घरातील बायका त्यांच्या घंटीच्या आवाजावर ताट वाढीत असत.

१९९६ च्या नोव्हेंबरमध्ये एके संध्याकाळी ती घंटी वाजली नाही. नागनवाडीच्या अलीकडे कोणा वाहनाने त्यांना मागून धडक दिली आणि ते वाहन न थांबता निघून गेले. रस्त्यालगतच्या चरीत अण्णा रात्रभर पडून होते. पहाटे दूध घेऊन निघालेल्या एका गृहस्थाला सायकलीचे वाकडे चाक दिसले, म्हणून ते सापडले. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले, पण काठीवाचून चालले नाहीत. कागदोपत्री त्यांच्या अपघाताचा आरोपी 'अज्ञात वाहन' असाच राहिला. अण्णांनी कधी नुकसानभरपाईची गोष्ट काढली नाही. ते एवढेच म्हणत, "मला त्याच्याकडून पैसे नकोत रे. तो थांबला का नाही, एवढंच एकदा विचारायचं होतं."

'अज्ञात वाहन' या दोन शब्दांचा कायद्यातील अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. वाहनाचा क्रमांक कळला, तर जखमी मनुष्य किंवा त्याचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. तेथे वय, उत्पन्न, औषधोपचार, आलेले अपंगत्व यांचा विचार होऊन भरपाई ठरते आणि ती बहुधा विमा कंपनी देते. क्रमांक कळला नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली केवळ ठरीव रक्कम मिळते. अण्णांच्या वेळी ती मृत्यूस २५ हजार आणि गंभीर दुखापतीस १२ हजार ५०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती अनुक्रमे २ लाख आणि ५० हजार रुपये झाली आहे. तीही अर्ज केल्यावाचून मिळत नाही, आणि अशी काही तरतूद आहे हे आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरालाही त्या काळी ठाऊक नव्हते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३० हजारांहून अधिक माणसांना धडक देणारे वाहन थांबलेच नव्हते. म्हणजे एक अण्णा नव्हेत. अशी हजारो घरे दरवर्षी त्या न थांबलेल्या चाकांची वाट पाहत राहतात.

माझी पुतणी बेळगावला अभियांत्रिकीचे शिक्षण घेते. तिला सायकलीचा छंद आहे. अण्णांना तिने पाहिलेले नाही, पण त्यांची गोष्ट घरात ऐकतच ती मोठी झाली. नाताळच्या सुटीत आली असता ती म्हणाली, "काका, चंदगड ते पारगड आणि दुसऱ्या दिवशी चंदगड ते बेळगाव, एवढं सायकलीनं करायचं आहे. तुम्ही बरोबर आलात तर आई नाही म्हणणार नाही." अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी या प्रस्तावाचे स्वागत केले नाही, परंतु मुलीच्या आईचा विचार करून मी होकार दिला. मात्र एक अट घातली. दोन्ही सायकलींवर कॅमेरे हवेत, एकीवर पुढे पाहणारा आणि दुसरीवर मागे पाहणारा. अण्णांच्या बाबतीत जे झाले, ते निदान साक्षीवाचून होऊ नये.

खेळाडूंच्या अंगावर बांधता येईल असा लहान कॅमेरा लोकप्रिय करण्याचे श्रेय निक वुडमन या अमेरिकन तरुणाकडे जाते. समुद्राच्या लाटांवर खेळताना आपले छायाचित्र आपल्यालाच घेता यावे, म्हणून त्याने २००२ मध्ये उद्योग सुरू केला आणि २००४ मध्ये मनगटाला बांधण्याचा, साध्या फिल्मवर चालणारा 'गोप्रो' कॅमेरा बाजारात आणला. पुढे त्याच धर्तीचे चिनी बनावटीचे स्वस्त कॅमेरे आले आणि श्रीमंतांच्या हौसेची ती वस्तू विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली. आम्ही नामांकित कॅमेऱ्याच्या एका किमतीत तीन येतील अशा दराचे दोन साधे कॅमेरे बेळगावहून घेतले. महिनाभर ते वापरून जे समजले, ते येथे सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता मुले-मुली सायकल चालवितात आणि अशी खरेदी करण्याचा प्रसंग येतो.

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यावरील मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नये. स्वस्त कॅमेऱ्यावर '४के' असे छापलेले असते. पण पुष्कळदा आतील भिंग आणि संवेदक त्या योग्यतेचे नसतात आणि लहान चित्रच ताणून मोठे केलेले असते. हे पाणी घालून वाढविलेल्या दुधासारखे आहे; माप भरते, सत्त्व नाही. आपल्याला हवे ते एवढेच की '१०८०' हा दर्जा खराखुरा असावा आणि शक्य तर सेकंदाला ६० चित्रे टिपली जावीत. आपल्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटर अधिक वेगाने जाणारे वाहन सेकंदाला १० मीटर पुढे सरकते. सेकंदाला ३० चित्रे घेतली, तर दोन चित्रांमध्ये ते सुमारे ३३ सेंटिमीटर सरकलेले असते. ६० घेतली, तर १७. जितकी चित्रे अधिक, तितका त्यांपैकी एखाद्यात तरी क्रमांक स्पष्ट सापडण्याचा संभव अधिक.

दुसरी गोष्ट भिंगाची. फार रुंद दृश्य घेणाऱ्या भिंगात सारा डोंगर मावतो, पण गाडीच्या क्रमांकाची पाटी मुंगीएवढी होते. म्हणून कॅमेऱ्यात सोय असेल तर दृश्याची रुंदी कमी करून ठेवावी. आमच्या कॅमेऱ्यात भर दुपारीही चार-पाच मीटरांपलीकडची पाटी वाचता येत नसे. तिन्हीसांजेला तर अडचण अधिक, कारण उजेड कमी असला की प्रत्येक चित्र टिपण्यास कॅमेरा अधिक वेळ घेतो आणि तेवढ्यात गाडी सरकल्याने अंक फासटले जातात. अण्णा पडले ती नेमकी हीच वेळ. म्हणून अंधार पडू लागल्यावर कॅमेऱ्यापेक्षा मागचा तांबडा दिवा, चमकणारी पट्टी आणि लवकर घरी परतणे यांचा भरवसा अधिक धरावा.

तिसरी गोष्ट साठवणीची. एका तासाच्या चित्रणास सुमारे ६ ते ७ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर नऊ-दहा तास मावतात. सेकंदाला ६० चित्रे घेतल्यास जागा याहून अधिक लागते. कार्ड भरले की कॅमेरा सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहू लागतो. ही सोय उत्तम, पण काही अघटित घडले तर तेथल्या तेथे कॅमेरा बंद करावा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत हवी ती नोंदच पुसली जाण्याचा धोका असतो. बॅटरी तास-सव्वा तासाच्या पलीकडे टिकत नाही. लांब पल्ल्यास पॉवर बँक हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅटरी पुरती संपली की स्वस्त कॅमेऱ्याचे घड्याळ मागे जाते. प्रत्येक सकाळी तारीख आणि वेळ लावून घ्यावी. मिती नसलेल्या नोंदीची किंमत काय, हे व्यापाऱ्याला कोणी सांगायला नको.

एवढी तयारी करून आम्ही पहिल्या दिवशी पहाटे पारगडच्या वाटेला लागलो. चंदगड मागे पडले, तेव्हा ताम्रपर्णीच्या खोऱ्यात धुके साचलेले होते आणि हेरे येईपर्यंत आम्हांला एकमेकांचे दिवे तेवढे दिसत होते. हेऱ्यापुढे जंगल दाट होते. मोटणवाडीहून एक वाट तिलारीकडे जाते आणि दुसरी पारगडाकडे. या पट्ट्यात गव्यांचे कळप रस्ता ओलांडतात, कधी हत्तीही येतात. म्हणून पूर्ण उजाडल्यावरच आम्ही त्या वाटेला लागलो. काजूला नुकता मोहोर धरू लागला होता. त्याचा किंचित तुरट, गोडसर वास थंड हवेत स्थिर राहिल्यासारखा वाटत होता. चढावर मी सायकल हातात धरून चाललो; पुतणी पुढे जाऊन वळणावर थांबे आणि मी आलो की काही न बोलता पुन्हा निघे. तरुण माणसाने वडीलधाऱ्याला दिलेला हा मान मला फार आवडला.

पारगड शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये उभारला आणि सिंहगडी धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांना तेथे नेमले, असे परंपरा सांगते. चंद्रसूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, अशी आज्ञा महाराजांनी केल्याचे गडकरी श्रद्धेने सांगतात, आणि गडावर आजही वस्ती आहे. पायऱ्या चढून आम्ही भवानीच्या मंदिरापाशी बसलो. समोर कडा तुटून खाली कोकण पसरले होते. पुतणी म्हणाली, "काका, इथली माणसं साडेतीनशे वर्षं पहारा देत आहेत, आणि आपण दीड तासाच्या बॅटरीवर खूश!" मी हसलो खरा, पण पहारा म्हणजे काय, याचा विचार उतरताना मनात घोळत राहिला. त्या दिवशीच्या चित्रणात वानर, वळणे, दोन एसटी गाड्या आणि माझ्या धापांचा आवाज यांपलीकडे काही नव्हते. दोन्ही एसटी चालकांनी वेग कमी करून आम्हांला भरपूर जागा दिली होती, हेही त्या नोंदीत आले, आणि ते पाहून समाधान वाटले. चांगली वागणूक आपण किती सहज विसरतो!

दुसऱ्या दिवशीची वाट निराळी. चंदगडहून नागनवाडी, हलकर्णी फाटा, पाटणे फाटा, शिनोळी आणि मग बेळगाव, हा वेंगुर्ला-बेळगाव मार्ग. हलकर्णी आणि शिनोळी येथे औद्योगिक वसाहती आहेत. गोव्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या, एसटी, दूध, काजू, आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या, सारे याच वाटेवर येते. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर झुकलेले उसाचे वाढे आणि मागे दिवा नाही, असे ओझे धुक्यात अचानक समोर उभे राहते, तेव्हा चमकणाऱ्या तांबड्या पट्टीचे मोल कळते. हंगामाच्या आरंभी ट्रॉल्यांना अशा पट्ट्या लावण्याच्या मोहिमा होतात, त्या किती आवश्यक आहेत हे मोटारीच्या काचेमागून ध्यानात येत नाही.

नागनवाडीच्या जवळ, जेथे अण्णा पडले होते तेथे, मी क्षणभर थांबलो. चर आता बुजली आहे. पुढे काही अंतरावर गणवेशातील एक मुलगी सायकलीने शाळेला चालली होती. आम्ही तिच्या मागे होतो. एवढ्यात पाठीमागून कर्कश हॉर्न वाजला आणि एक छोटा टेम्पो माझ्या कोपराला वारा लावून पुढे गेला. माझी सायकल डांबरावरून साइडपट्टीच्या खडीत उतरली. नजर चाकावर होती; पुढे काय झाले ते मला दिसले नाही. तोल सावरून मान वर केली, तेव्हा टेम्पो धुक्यात शिरला होता, आणि ती मुलगी सायकल आडवी धरून रस्त्याकडेच्या गवतात उभी होती. तिला लागले नव्हते. पुतणीने तिची वेणीची सुटलेली रिबीन उचलून दिली. ती म्हणाली, "रोजचंच हाय ताई," आणि पुन्हा सायकलीवर बसून निघून गेली. तिला ते शब्द इतक्या सहजपणे उच्चारता यावेत, याचे मला वाईट वाटले, आणि त्या टेम्पोवाल्याचा भयंकर राग आला. आता मात्र त्याला सोडायचा नाही, असे मी मनाशी ठरविले.

संध्याकाळी बेळगावला नातलगांच्या घरी पुतणीने ते चित्रण मोठ्या पडद्यावर लावले. एकेक चित्र पुढे सरकवीत ती थांबली. माझ्या पाठीमागच्या कॅमेऱ्यात टेम्पोचे तोंड दिसत होते, पण धुक्यामुळे पाटी पुसट होती. तिच्या पुढच्या कॅमेऱ्यात टेम्पो मुलीच्या अगदी कडेने जाताना दिसला. अंतर हातभरही नसावे. पुढच्या चित्रात मागचा फाळका आला. क्रमांक वाचण्याची गरजच पडली नाही. फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत माझ्या आजोबांचे नाव होते.

ते नाव आम्ही दर पाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितो. खोलीत कोणी काही बोलले नाही. पुतणीने पडदा बंद केला. मला वाटले, अण्णांचा तो प्रश्न सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे योग्य माणसाला शोधीत फिरत होता आणि आज माझ्यापाशी येऊन थांबला.

चंदगडला परतल्यावर मी चालकाला बोलाविले. आमच्याकडे तो बारा वर्षे आहे; व्यसन नाही, हिशेबाला चोख. चित्रण पाहून त्याचा चेहरा उतरला. "मालक, तुमी हाय त्ये वळकलंच न्हाई वो," तो म्हणाला. मी म्हटले, "मी नसतो तर चाललं असतं का?" तो गप्प राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "चुकलंच माझं. पर तुमीच सांगितलासा न्हवं, काजूचं डबं धाच्या आत ट्रान्स्पोर्टला पोचलं पायजेत म्हणून. इथनं निघायलाच आठ वाजून गेलतं."

तो खरे बोलत होता. डबे बंद करण्याचे काम आदल्या रात्री व्हावयाचे, ते कारखान्यात सकाळी होत असे, आणि गेलेला तो अर्धा तास आम्ही रोज त्याच्या चाकांतून वसूल करीत होतो. हॉर्न त्याने वाजविला. घाई माझी होती.

परदेशातील एक उपाय मला ठाऊक होता, तो येथे उपयोगी पडला. इंग्लंडमधील वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या वेशातील पोलीस सायकलीवर पाठवून, फार जवळून जाणाऱ्या गाड्या पुढे अडविण्यास आरंभ केला. अशा पुष्कळ चालकांना खटल्याऐवजी रस्त्याकडेला अंथरलेल्या एका मोठ्या चटईपाशी नेऊन, सायकलस्वाराला किती जागा द्यावी हे समोर मांडून दाखविले जाई. तेथे हे अंतर किमान दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, धरतात. आम्ही गोदामाच्या फरशीवर खडूने तेच केले. एकेरी ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी साधारणपणे पावणेचार मीटर असते. कडेपासून सायकलस्वाराच्या बाहेरच्या कोपरापर्यंत एक मीटर जातो. त्यापुढे दीड मीटर सोडले, तर उरतो सव्वा मीटर. आमचा छोटा टेम्पो दीड मीटर रुंद आहे. म्हणजे अशा वाटेवर सायकलस्वाराला योग्य जागा देऊन पुढे जाणे शक्यच नाही; रस्ता रुंद होईपर्यंत किंवा तो स्वतः बाजूला होईपर्यंत थांबलेच पाहिजे. हे गणित चालकाने स्वतः टेप धरून मोजले आणि तो म्हणाला, "मंजे थांबायचं हाच हिशेब की वो." मोठ्या मार्गावर जागा असते, तेथे तर सबबच उरत नाही. त्या दिवसापासून डबे रात्रीच बंद होतात, टेम्पो साडेसातला सुटतो आणि दहाची अट आम्ही काढून टाकली आहे. ट्रान्स्पोर्टवाल्याने एकदाही तक्रार केलेली नाही.

हे झाले आपल्या घरचे. पण दुर्दैवाने एखादा खरा अपघात घडला, तर अशा चित्रणाचा उपयोग कसा करावा, हेही सांगितले पाहिजे. सर्वप्रथम जखमी माणूस, कॅमेरा नंतर. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. मदत केल्याने आपण अडकू, ही जुनी भीती आता सोडावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ घातले गेले असून, सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्यानंतर चित्रणाचे मूळ कार्ड काढून जसेच्या तसे जपून ठेवावे. त्यात काटछाट करू नये, गाणे जोडू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, चित्रणाची प्रत न्यायालयात द्यावयाची तर तिच्यासोबत ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्याखाली हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातच गाजला होता. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे कार्यालयातील चित्रणावरून ठरवावयाचे होते. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रतीला प्रमाणपत्र हवेच. मात्र ज्याच्या मालकीचे मूळ उपकरण आहे, त्याने ते स्वतः हजर करून साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. म्हणून मूळ कार्ड हीच खरी मूळ वही समजावी.

आणि एक पथ्य. कॅमेरा वाटेवरील सर्वांनाच टिपतो. नदीवर धुणे धुणाऱ्या बायका, अंगणात खेळणारी मुले, कोणाचे उघडे दार. त्यांनी आपल्याला तशी परवानगी दिलेली नसते. अपघाताची वा गुन्ह्याची बाब असेल, तर चित्रण पोलिसांकडे द्यावे. अन्यथा आठवड्याअखेर पुसून टाकावे. कोणाचा क्रमांक आणि चेहरा भ्रमणध्वनीवरून गावभर फिरविणे हा न्याय नव्हे. आमच्या टेम्पोचे ते चित्रण दुसऱ्या कोणाच्या हाती लागून तसे फिरले असते, तर एका प्रामाणिक चालकाची भाकरी गेली असती आणि दोष मात्र पेढीत बसून राहिला असता.

आपल्याकडे चालताना चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकावे, असे ईर्यासमितीच्या रूपाने लहानपणापासून कानावर पडते. पायाखाली कीडमुंगी येऊ नये म्हणून जपणारी आपली माणसे स्टिअरिंगमागे बसली की शाळेला जाणारे मूल त्यांच्या नजरेतून निसटते. भल्या पहाटे विहाराला निघालेले त्यागीही याच साइडपट्टीवरून चालत असतात, हे आपण सारे जाणतो. कॅमेरा घडून गेलेले पाहतो. त्या चार हातांच्या पुढचे पाहणे हे ज्याच्या हाती चाक आहे आणि ज्याने त्याला वेळ ठरवून दिली आहे, त्या दोघांचे काम आहे. स्वस्त कॅमेरा जरूर घ्यावा. पण आठवड्यातून एकदा तो आपल्या स्वतःच्या गाडीत, पुढे तोंड करून लावावा आणि संध्याकाळी मालकाने ते चित्रण पाहावे.

आता टेम्पोच्या काचेमागे पुतणीचा जुना कॅमेरा बसविला आहे. परवा मी आणि चालक ते चित्रण पाहत होतो. नागनवाडीजवळ तीच मुलगी सायकलीने चालली होती. टेम्पो तिच्या मागे हॉर्न न वाजविता, रस्ता मोकळा होईपर्यंत चालत राहिला, आणि मग पलीकडच्या बाजूने पुढे गेला. तिने मागे वळूनही पाहिले नाही. चालकाने विचारले, "किती वेळ गेला, मालक?" मी कोपऱ्यातील आकडे पाहिले. अकरा सेकंद झाले होते.